लॉजिकल व्हॉल्यूम वाढला, डीएफचा आकडा हलला नाही

नागपूरच्या आयटी पार्कमध्ये युनिक्स ॲडमिन म्हणून लागले, तेव्हा पहिले तीन महिने रात्रपाळीच होती. कमांड पाठ होत्या, पण चालत्या सर्व्हरवर, माउंट असलेली (जोडलेली, वापरात असलेली) फाइल सिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवायची रचना, वाढवायची वेळ मे महिन्यातल्या एका रात्री अडीच वाजता आली. डेटाबेसच्या आर्काइव्ह लॉगची (बदलांच्या जपून ठेवलेल्या नोंदींची) 100 जीबीची फाइल सिस्टम 97 टक्के भरली होती. ती पूर्ण भरली की डेटाबेस जागच्या जागी अडकतो, म्हणून घाई.

व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे डिस्क एकत्र करून केलेल्या जागेच्या साठ्यात, 40 जीबी मोकळे दिसले. त्या साठ्यातून फाइल सिस्टमला दिलेला तुकडा म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम; तो 'एलव्हीएक्स्टेंड'ने 20 जीबी वाढवला. किती जागा भरली ते दाखवणारं 'डीएफ' केलं, तर आकडा तोच. वाटलं कमांड लागलीच नाही, म्हणून आणखी 20 दिले. आकडा 98! मग पाळीतल्या सिनियरना हाक मारली. त्यांनी स्क्रीन बघून एवढंच विचारलं, "लॉजिकल व्हॉल्यूम वाढवलास, फाइल सिस्टम वाढवलीस का? खोली मोठी केली, सतरंजी तेवढीच आहे."

फाइल सिस्टम एक्सएफएस प्रकारची होती. त्यांनी 'एक्सएफएस ग्रोएफएस' आणि पुढे माउंट पॉइंट हे माझ्याच हातून टाइप करून घेतलं. डोळ्यांदेखत 98 चे 70 झाले. काही अनमाउंट केलं नाही, डेटाबेसला पत्ताही लागला नाही. मी दोनदा वाढवल्याचं मात्र घाबरून सांगितलं नाही, आणि खरी चूक ती होती. ग्रोएफएस चालवण्याआधी कळलं असतं तर जास्तीचे 20 जीबी परत घेता आले असते. एक्सएफएस एकदा वाढली की लहान करता येत नाही. दोन आठवड्यांनी त्याच ग्रुपमधली दुसरी फाइल सिस्टम भरली आणि द्यायला एक जीबी उरला नव्हता. स्टोरेज टीमकडून नवीन लन (सर्व्हरला डिस्कसारखा दिसणारा स्टोरेजचा तुकडा) मिळेपर्यंत रोज पहाटे जुने लॉग दुसरीकडे हलवत बसले.

नव्याने येणाऱ्यांनो, वाढवण्याआधी खरंच वाढवायची गरज आहे का ते बघा. 'डीएफ' भरलेलं दाखवतंय आणि 'डीयू'ची (फाइलींच्या आकारांची) बेरीज बरीच कमी येतेय, तर बहुतेक कुणीतरी मोठी लॉग फाइल डिलीट केली आहे आणि प्रोसेसने ती अजून उघडी धरली आहे. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या 'एलएसओएफ'मध्ये ती सापडते. प्रोसेस रीस्टार्ट झाली की जागा सुटते. जागा शिल्लक असूनही नवीन फाइल बनत नसेल, तर आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद) संपलेत का ते 'डीएफ -आय'ने बघा.

मग क्रम एकच: डिस्क, व्हॉल्यूम ग्रुप, लॉजिकल व्हॉल्यूम, सगळ्यात शेवटी फाइल सिस्टम. फाइल सिस्टम ईएक्सटी4 प्रकारची असेल तर शेवटची पायरी 'रीसाइझ2एफएस'. तीही चालू असताना वाढते, पण लहान करायला अनमाउंट करावीच लागते. 'एलव्हीएक्स्टेंड'ला 'आर' पर्याय दिला की दोन्ही कामं एकदम होतात. तरी शिकताना वेगवेगळी करा, म्हणजे कुठे अडलं ते कळतं.

एआयएक्सवर (आयबीएमच्या युनिक्सवर) 'सीएचएफएस' एकाच कमांडमध्ये व्हॉल्यूम आणि फाइल सिस्टम दोन्ही वाढवतं. तिथे आकड्याआधीचं अधिकचं चिन्ह जिवापाड जपा. अधिक 20 म्हणजे आहे त्यात 20 ची भर, नुसते 20 म्हणजे एकूण आकारच 20. तिथली जेएफएस2 प्रकारची फाइल सिस्टम लहानही होऊ शकते, त्यामुळे चिन्ह राहिलं तर ती फाइल सिस्टम आकसायला लागेल. आणि लॉजिकल पार्टिशनची (व्हॉल्यूम ज्या तुकड्यांचा बनतो त्यांच्या संख्येची) मर्यादा गाठली (मूळ मर्यादा 512 असते) तर ग्रुपमध्ये जागा असूनही कमांड नकार देते. आधी 'सीएचएलव्ही'ने मर्यादा वाढवा.

मी आता एन्टर दाबण्याआधी 'डीएफ', 'व्हीजीएस' (ग्रुपची स्थिती) आणि 'एलव्हीएस' (व्हॉल्यूमची स्थिती) यांचं आउटपुट तिकिटात चिकटवते. प्रत्येक पायरीनंतर पुन्हा तेच. आकडा हलला नाही तर कमांड दुसऱ्यांदा मारत नाही, आधी थर तपासते.

सराव घरच्या लॅपटॉपवरही होतो. व्हर्च्युअल मशीनला 5 जीबीच्या दोन डिस्क जोडा, एकीवर व्हॉल्यूम ग्रुप आणि छोटी फाइल सिस्टम बनवा, तिच्यात एक मोठी फाइल कॉपी करायला लावा. कॉपी चालू असतानाच दुसरी डिस्क ग्रुपमध्ये घेऊन फाइल सिस्टम वाढवा. शेजारच्या टर्मिनलवर 'वॉच' (कमांड ठरावीक वेळाने पुन्हा चालवणारं) लावून 'डीएफ' बघत राहा: टक्के चढत जातात, एका क्षणी खाली येतात, आणि कॉपी मधे थांबत नाही.