2-इथिल दिसलं की थांबा

अल्केन म्हणजे फक्त एकेरी बंध असलेलं कार्बन-हायड्रोजनचं संयुग. त्याचं नाव कार्बनच्या सगळ्यात लांब साखळीवरून ठरतं. ही साखळी आकृतीत अनेकदा वाकडी काढलेली असते, आणि आपण आडवी ओळ मोजून मोकळे होतो. मग नाव चुकतं. तपासायला आकृती पुन्हा मोजू नका, लिहिलेलं नाव वाचा.

सरळ शाखेतले कार्बन तिच्या क्रमांकाशी, म्हणजे ती साखळीच्या कितव्या कार्बनवर आहे त्याच्याशी, ताडून पाहा: मिथिल 1, इथिल 2, प्रोपिल 3. कार्बन क्रमांकाइतके किंवा जास्त भरले, तर साखळी चुकलीच. 2-इथिलब्युटेन? शाखेतून वळून मोजा, पाच कार्बन निघतात: 3-मिथिलपेन्टेन. कंसाबाहेर (कंसात शाखेच्या आतली शाखा लिहितात) 1-मिथिल तर अल्केनमध्ये येतच नाही.

वलय किंवा दुहेरी बंध असेल तिथे मात्र ही युक्ती लावू नका. 1-मिथिलसायक्लोहेक्झीन हे नाव अगदी बरोबर आहे.