सुटकेच्या दोन महिने आधीपासून: मेंटॉरची तयारी

तुरुंगातून सुटणाऱ्या माणसाला धंद्यात उभं राहायला मदत करायचं तुम्ही मनावर घेतलं असेल, तर तयारी सुटकेच्या निदान दोन महिने आधी सुरू करा. आत भेटायला अधीक्षकांची परवानगी लागते आणि ती एकट्यादुकट्याला सहजी मिळत नाही, म्हणून कारागृहात आधीपासून जाणाऱ्या एखाद्या संस्थेबरोबर जा. मुंबई-ठाण्याकडे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून बंदी (म्हणजे कैदी) आणि सुटून आलेल्यांबरोबर काम करतो आहे. अशा कार्यकर्त्यांशी तासभर बोललात तरी बऱ्याच चुका टळतील. मी पुण्यात मसाल्यांचा छोटा धंदा चालवते आणि येरवड्यातून सुटलेल्यांसोबत बसते. पुढे लिहिलंय ते त्या बसण्यातूनच आलेलं आहे.

पहिल्या भेटीत गुन्ह्याची चौकशी करू नका. आत काय काम केलं ते विचारा, बारकाईने विचारा. सुतारकाम, शिलाई, विणकाम, बेकरी हे सगळं आपल्या मध्यवर्ती कारागृहांत चालतं. नाशिकरोडला तर बंदी गणपतीच्या मूर्ती घडवतात. पण आतल्या कारागिराला लाकूड विकत घ्यावं लागत नाही, भाव सांगावा लागत नाही, गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. तेव्हा काय येतं एवढं विचारून थांबू नका. “त्यातलं काय तुम्ही स्वतः ठरवत होतात?” हेही विचारा. उत्तराला वेळ लागतो. लागू द्या.

केसबद्दल मात्र तीन गोष्टी माहीत हव्यातच. शिक्षा भोगून सुटणार की जामिनावर? जामीन असेल तर कोर्टाच्या तारखा आणि पोलीस ठाण्यातली हजेरी आधी डायरीत लिहा, आणि त्या दिवशी धंद्याचा गाडा लागणार नाही हे धरूनच महिन्याचा हिशेब मांडा. एखाद्या हद्दीत जायला मनाई आहे का? आणि तिसरी गोष्ट विचारायला जड जाते: ज्यांचं नुकसान झालं ते कुटुंब राहतं कुठे? खुनाच्या केसमध्ये माणूस गावी परतला की जुनं वैर पुन्हा उकरलं जाऊ शकतं. त्या घरातली मुलं शाळेत जाताना रोज याचं तोंड बघणार असतील, तर जागा कितीही चालणारी असली तरी सोडायची. आम्ही एकदा गाडा, छत्री, आगाऊ भाडं असं सगळं झाल्यावर केवळ यासाठी चौक बदलला. भाडं बुडालं. आजही मी तेच करेन.

आता कागद. यात सगळ्यात आधी मोबाईल नंबर. आत गेल्यावर रिचार्ज थांबतो, काही महिन्यांत नंबर बंद पडतो आणि पुढे दुसऱ्याच कुणाला दिला जातो. आधारला तोच जुना नंबर जोडलेला असतो, बँकेलाही तोच. ओटीपी कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या फोनवर जातो आणि इथे सगळं अडून बसतं. म्हणून सुटल्याच्या पहिल्या आठवड्यात नवं सिम, लगेच आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलणं, मग बँक, याच क्रमाने चला. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय झालेलं असतं, ओळखीचे कागद (केवायसी) देऊन ते चालू होतं. पॅन आधारशी जोडायचा राहिला असेल तर १,००० रुपये बाजूला ठेवा. रेशनकार्डावरचं नाव घरच्यांनी कमी केलंय का, तेही बघा. सुटकेच्या दाखल्याच्या पाच-सहा झेरॉक्स काढून मूळ कागद घरी ठेवा.

घरी एकदा तरी जाऊन बसा, आणि बायको असेल तर तिच्याशी वेगळं बोला. इतकी वर्षं घर तिनेच ओढलेलं असतं. पिको-फॉल, पोळ्या लाटून देणं, धुणीभांडी यातून कुठे उधार मिळतं आणि कोण पैसे बुडवतं, हे तिला पक्कं ठाऊक असतं. तिला विचारल्याशिवाय धंदा ठरवू नका. सुटून आलेल्या बाईच्या बाबतीत चित्र वेगळं असतं: तिला पुष्कळदा घरच परत घेत नाही. तिथे राहायची खोली आणि मुलांची शाळा आधी, धंद्याचं बोलणं त्यानंतर.

एका दादांचं उदाहरण सांगते. आत बेकरीत काम केलेले, १४ वर्षांनी सुटलेले. आम्ही मैदा-साखर घ्यायला भवानी पेठेत गेलो. दुकानदाराने सांगितलेली रक्कम त्यांनी एका शब्दाने कमी करायला सांगितली नाही. खिशातून ५००ची नोट काढली, उजेडात धरली, उलटसुलट केली आणि मला विचारलं, “ताई, ही खरीच ना?” ते आत गेले तेव्हा ही नोट नव्हती, यूपीआय नव्हतं, जीएसटी नव्हता. नानकटाईचा भाव त्यांनी १६० रुपये किलो सांगितला. आम्ही वहीत मैदा, साखर, तूप, भाजणावळ, खोका, रिक्षा असं एकेक मांडलं, तर खर्चच १९० निघाला. तेव्हापासून मी पहिल्या महिन्यात तीन गोष्टी करूनच घेते: तीन दुकानांत भाव विचारणं, एका वस्तूचा पूर्ण खर्च स्वतःच्या हाताने लिहिणं, आणि क्यूआरवर आलेले पैसे खात्यात जमा झाल्याचं बघून मगच माल देणं. भट्टी विकत घेतली नाही. दिवाळीत आपण बेकरीत नानकटाई भाजून आणतो ना, तसंच दुपारच्या रिकाम्या वेळी ट्रेच्या हिशेबाने भाजून घेतलं.

परवान्यांचं फार ओझं नाही. छोट्या धंद्याची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट आहे. एजंटने पैसे मागितले तर उठून या. खाण्याच्या छोट्या धंद्याला अन्न नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते. कामगार मोजकेच असतील तर शॉप ॲक्टखाली फक्त सूचना द्यावी लागते. नोकरीत आडवा येणारा चारित्र्याचा दाखला यात कुठेच मागत नाहीत, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. चेहऱ्यावर फरक दिसतो.

पैशांचं बोलताना आधी जुनं कर्ज विचारा. राज्य सहकारी बँकेने २०२२मध्ये येरवड्यात ‘जिव्हाळा’ योजना सुरू केली, त्यात बंद्यांना ५०,००० रुपयांपर्यंत ७ टक्क्यांनी कर्ज मिळतं. घेतलं असेल आणि फेडायचं राहिलं असेल तर तो हप्ता खर्चात धरा. मुक्तबंदींना, म्हणजे सुटून आलेल्यांना, मिळणाऱ्या अनुदानासाठी जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांकडे (प्रोबेशन ऑफिसर) अर्ज करा. गाडा लावणाऱ्याला केंद्राच्या पीएम स्वनिधी योजनेतून पहिलं कर्ज आता १५,०००पर्यंत मिळतं, पण महापालिकेचं प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं. माझं मत विचाराल तर पहिले तीन महिने कर्ज नकोच. आतली कमाई आणि अनुदान यांत मावेल एवढाच माल भरा. तुमच्या खिशातले पैसे तर अजिबात देऊ नका. एकदा दिलेत की समोरचा माणूस तुम्हाला खरा गल्ला सांगायचा थांबतो.

जुने साथीदार गाड्यावर येणार, उधार मागणार, बसून राहणार. तेव्हा काय बोलायचं ते आधीच घोकून घ्या. “माल संस्थेचा आहे, उधारीची परवानगी नाही” हे वाक्य आमच्याकडे चाललंय. त्यासाठी संस्थेला आधी विचारून घ्या, म्हणजे ते खोटंही ठरत नाही.

आठवड्याचा एक वार पक्का करा, वही उघडून बसा, आणि विक्री शून्य असली तरी बसा. फोन बंद लागला तर रागावण्याआधी घरी चक्कर मारा. बहुतेक वेळा लाज असते. तुम्ही गावाला जाणार असाल तर दुसऱ्या मेंटॉरची गाठ आधी घालून द्या, आणि त्यांचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर दादांच्या हातूनच लिहून घ्या.