'मन लागत नाही' एवढं सांगायला मला चार महिने लागले

सेलू तालुक्यातल्या गावातून मी एमएस्सीसाठी पुण्यात आलो. बीएस्सी परभणीला झालं होतं, दर शनिवारी घरी जाता यायचं. पुण्यात पहिल्यांदाच असं झालं की दिवाळीशिवाय घर नाही. यंदा जे नव्याने बाहेर पडलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. मदत नव्हती म्हणून माझे हाल झाले, असं नाही. मदत कुठे मागायची आणि मुख्य म्हणजे काय म्हणून मागायची, हे मला कळत नव्हतं.

सप्टेंबरात झोप बिघडली. पहाटे तीनला जाग यायची आणि मग डोळा लागायचाच नाही. डबा यायचा, मी झाकण उघडून परत लावायचो. संध्याकाळपर्यंत पोळ्या वाळून कडक व्हायच्या. आई रोज रात्री विचारायची, "जेवलास का?" मी म्हणायचो, "जेवलो." वर्गात सर फळ्यावर लिहायचे, अक्षरं दिसायची, अर्थ लागायचा नाही. मला वाटलं, आपलं इंग्रजी कच्चं आहे, दुसरं काय.

दोनदा मी कॅम्पसच्या दवाखान्यात गेलो. दोन्ही वेळा सांगितलं, "डोकं दुखतं." दोन्ही वेळा गोळ्या मिळाल्या. त्यात डॉक्टरांची चूक मला आजही वाटत नाही, मी सांगितलं त्यावर त्यांनी औषध दिलं. आपल्याकडे दुखणं शरीराचं असलं तरच सांगायची सवय. डोकं जड आहे, अंग मोडून आलंय, जीव घाबरतोय. हे सगळं खरंच होत असतं, पण 'झोप उडाली, कशातच मन लागत नाही, दोन महिने झाले' हे पुढचं वाक्य आपण गिळतो. दवाखान्यात ते पुढचं वाक्य बोला. तेवढ्याने डॉक्टरांचे प्रश्न बदलतात.

नंतर एका मित्राने समुपदेशन कक्ष सुचवला. तिथला अनुभव वाईट होता. दाराशी रजिस्टर होतं, त्यात नाव, वर्ग आणि 'कारण' असा रकाना. माझ्या आधीच्या चौघांची नावं आणि कारणं मला सरळ वाचता येत होती. आत बसलेले सर दुसऱ्या विभागात शिकवायचे, हे काम त्यांच्याकडे जादा होतं. दार उघडंच. पाच मिनिटांत ते म्हणाले, "वडिलांचे कष्ट आठव, आपोआप अभ्यास होईल." वडिलांचे कष्ट मला झोपेतही आठवत होते, आणि झोप तर येतच नव्हती. मी 'हो सर' म्हणून बाहेर पडलो आणि पुढचे दीड महिने कुणालाच काही बोललो नाही.

याचा मला अजून राग येतो, म्हणून नियम काय आहे तो सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे तुमच्या मानसिक आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं हा तुमचा हक्क आहे. अपवाद थोडे आहेत, त्यातला मोठा म्हणजे तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असणं. शिवाय २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले, की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असलाच पाहिजे, आणि हेल्पलाइनचे नंबर हॉस्टेलात, वर्गात दिसतील असे लावले पाहिजेत. तेव्हा पहिल्या भेटीत बिनधास्त विचारा: तुमचं शिक्षण काय? माझी नोंद कोण वाचतं? विभागप्रमुखांना कळतं का? चांगला समुपदेशक या प्रश्नांनी दुखावत नाही. आणि पहिली जागा जमली नाही तर तीच एकमेव जागा आहे असं धरून बसू नका. मी बसलो, दीड महिना गेला.

जानेवारीत एका रात्री अकराच्या सुमारास गच्चीवरून मी १४४१६ लावला. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. फुकट, चोवीस तास, आणि भाषा निवडता येते. मी मराठी निवडली. पलीकडच्या ताईंनी आधी विचारलं, "आत्ता कुठे आहात? जवळ कुणी आहे का?" मग विचारलं, काय होतंय. मी बराच वेळ गप्प होतो. त्यांनी घाई केली नाही. शेवटी तोंडून निघालं, "मन लागत नाही. कशातच." एवढंच. आणि मला रडू आलं.

त्यांनी सरळ विचारलं, "जगणं नको असं वाटतं का?" मी म्हणालो, सकाळी उठूच नये असं वाटतं. त्या घाबरल्या नाहीत की उपदेशही केला नाही. किती वेळा वाटतं, काही ठरवलंय का, हे शांतपणे विचारलं. असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात विचार शिरत नाही, उलट छातीवरचा दगड उतरतो, माझा उतरला. मग त्यांनी दोन गोष्टी करायला लावल्या. खाली जाऊन रूममेटला उठवून सांगायचं, आणि सकाळी सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीत जायचं. रूममेट लातूरचा. त्याने काही विचारलं नाही, फक्त त्याची गादी माझ्या कॉटला लावली.

ओपीडीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण भीती तिथलीच जास्त असते. सकाळी लवकर जा, केसपेपरच्या खिडकीवर 'मानसोपचार विभाग' असं सांगा. ते मोठ्याने बोलायला मला लाज वाटली, पण मागच्या आजोबांनी तेच सांगितलं आणि आधार कार्ड पुढे केलं. बाकावर सगळी साधी माणसं होती, एक बाई टिफिन घेऊन आलेली, एक पोलीस गणवेशात. आधी एक निवासी डॉक्टर मॅडम बोलल्या, मग वरिष्ठ डॉक्टर आले. मला बोलता येणार नाही हे माहीत होतं, म्हणून मी रात्री मेसच्या पावतीच्या मागे चार ओळी लिहून नेल्या होत्या: पहाटे तीनला जाग, सप्टेंबरपासून. जेवण अर्ध्यावर. वाचलेलं डोक्यात राहत नाही. सकाळी उठूच नये वाटतं. मॅडमनी ती पावती वाचली आणि केसपेपरला टाचणीने लावली. माझी अर्धी मुलाखत त्या पावतीनेच दिली.

रक्त तपासलं. थायरॉइड कमी असेल किंवा बी-१२ फार घसरलं असेल तरी थकवा आणि उदासी येते, म्हणून आधी ते बघतात. माझं बी-१२ कमी निघालं, त्याचे उपचार झाले, पण मूळ निदान नैराश्याचंच झालं. गोळ्या सुरू झाल्या. पहिला आठवडा मळमळ होती आणि फरक शून्य. मी गोळ्या बंद करणार होतो. तेव्हा कळलं, की या औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि मनाने एकदम बंद केली तर त्रास होतो. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, डोस ते बदलतील. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी वरण-भाताची चव लागली. वाटी चाटून पुसून खाल्ली.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, औषध ते लिहितात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात. मला दोन्ही लागलं. प्रत्येकाला गोळ्या लागतातच असं नाही. रुग्णालयातल्या मानसशास्त्रज्ञांकडे मी पंधरा दिवसांनी एकदा जायचो. ओपीडीपर्यंत जायचं धाडस होत नसेल तर फोनवरून सुरुवात करा: टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' आहे, पुण्यात 'कनेक्टिंग' आहे, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये उभी केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. मात्र आत्ता या क्षणी जिवाचं काही बरंवाईट होईल असं वाटत असेल, तुमचं किंवा मित्राचं, तर ओपीडीची सकाळ बघू नका. एकटं राहू नका, ११२ लावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात थेट जा.

घरी सांगणं सगळ्यात अवघड गेलं. 'डिप्रेशन' हा शब्द मी वापरलाच नाही. म्हणालो, "आई, झोप येत नाही, जेवण जात नाही, म्हणून डॉक्टरांचं औषध सुरू केलंय." तिला तो आजार लगेच कळला, कारण आमच्या मामीला बाळंतपणानंतर तसंच झालं होतं आणि तेव्हा कुणी दवाखान्यात नेलं नव्हतं. तिने मारुतीला नारळ फोडला आणि गोळ्या वेळेवर घे असंही बजावलं. दादा, म्हणजे वडील, आठवडाभर फोनवर आले नाहीत. मग एकदा फोन घेऊन म्हणाले, "हरभरा काढायचाय, ये चार दिवस. काम नको करू, बांधावर बस." मी गेलो, बसलो.

हजेरीचं मात्र लगेच बघा. आमच्याकडे ७५ टक्क्यांची अट होती आणि माझी साठच्या आसपास. डॉक्टरांकडून 'उपचार सुरू आहेत, अमुक ते अमुक तारीख' एवढंच लिहिलेलं प्रमाणपत्र घेतलं. आजाराचं नाव लिहू नका असं सांगता येतं, आमच्या डॉक्टरांनी ऐकलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी ते अर्जासोबत विभागात द्या आणि पोच घ्या. माझा एक विषय राहिला, पुढच्या सत्रात निघाला. गोळ्या डॉक्टरांनी वर्षाच्या शेवटी हळूहळू कमी केल्या.

गेल्या महिन्यात जालन्याचा एक ज्युनियर खोलीवर आला. डोकं दुखतं म्हणाला, गोळी आहे का. मी त्याला चहा दिला आणि विचारलं, झोप कशी आहे? तो बराच वेळ कपाकडे बघत राहिला. मग मी त्याला मेसची एक जुनी पावती आणि पेन दिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही पहाटेची पहिली बस पकडली. पावती त्याने शर्टाच्या खिशात ठेवली होती, आणि केसपेपरच्या रांगेत आमचा नंबर सातवा होता.