टीबीआयचं पेट्रोल प्रेशर तपासताना या चुका टाळा

१९८७ ते १९९५ दरम्यानच्या शेव्हरोले पिकअपचं एअर फिल्टरचं झाकण काढलं की खाली कार्ब्युरेटरच असल्यासारखं वाटतं. फरक एवढाच, की वर दोन इंजेक्टर बसलेले असतात. हेच ते थ्रॉटल बॉडी इंजेक्शन, टीबीआय. त्याला पेट्रोलचं प्रेशर लागतं जेमतेम ९ ते १३ पीएसआय (दाब मोजायचं एकक). एवढ्याशा आकड्यात दोनाची तूट पडली तरी गाडी चढावर दम टाकते.

माझी पहिली चूक गेजची. हाताशी ० ते १०० चा होता. काटा दहाच्या आसपास थरथरत होता. ७ की ११, देव जाणे. ० ते १५ चा गेज घ्या, फार तर ३० पर्यंतचा. तो जोडायला तयार व्हॉल्व्ह नसतो, म्हणून थ्रॉटल बॉडीकडे येणाऱ्या लाइनमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) लावावा लागतो. जाड लाइन येणारी, बारीक ती टाकीकडे परतीची. इंजिन गार असताना, बॅटरीची निगेटिव्ह काढून आणि दोन पाने लावूनच नट सोडवा. एकाच पान्याने लाइन पिळते.

चावी बंद केली आणि काटा शून्यावर आला, की लोक पंपाला दोष देतात. मीही दिला. पाऊण भरलेली टाकी उतरवली (पाठ अजून आठवण काढते), नवा पंप घातला, आणि काटा परत शून्यावर! इथे प्रेशर हळूहळू सोडून द्यायची सोय कंपनीनेच ठेवलेली असते. इंजिन चालू असताना काय दिसतं, ते बघायचं.

चालू असताना ७ दिसलं, तर आधी फिल्टर बदला. मग पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज आणि अर्थिंग तपासा. त्यानंतर परतीच्या लाइनचा रबरी भाग क्षणभर हलका दाबा. काटा झरकन १३ च्या वर गेला तर पंपात जोर आहे, प्रेशर ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर ढिला पडलाय. काटा ढिम्म राहिला तर घोळ पुरवठ्याच्या बाजूला.

तिथेही लगेच पंपावर जाऊ नका. टाकीच्या आत पंप आणि वरची नळी जोडणारा एक रबरी तुकडा असतो. तो चिरला की पेट्रोल टाकीतच गळतं. बाहेर ना थेंब, ना वास. मी नव्या पंपाला जुनाच तुकडा लावला होता. पुन्हा टाकी उतरवली तेव्हा त्यावर नखाएवढी चीर दिसली.

स्टार्टर बराच वेळ फिरवल्यावरच गाडी सुरू होत असेल, तर चावी लावल्यावर पंप दोन सेकंद गुणगुणतो का, ऐका. आवाज नसेल तर रिले (पंपाला करंट देणारा विजेचा स्विच) बघा. रिले मेला तरी ऑइल प्रेशर चढल्यावर ऑइलचा स्विच पंपाला करंट देतो, म्हणून गाडी उशिरा का होईना, सुरू होते.

काही वेळा जागेवर ११ दिसतं आणि चढावर घसरतं. तेव्हा लांब नळी लावून, गेज समोरच्या काचेवर बाहेरून चिकटवून चक्कर मारा. काटा दुसऱ्याला वाचू द्या, आणि पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणू नका.