जुन्या सी-१०चं इंजिन उसळतंय? फाउंडेशन बदलताना या चुका टाळा

ह्यूस्टनला माझ्या एका मित्राकडे १९७८ची शेव्हरले सी-१० पिकअप आहे. मूळचं ३५० घनइंचांचं इंजिन त्याने ३८३ करून घेतलं आणि चार महिन्यांत रेडिएटरच्या पंख्याभोवतीच्या प्लास्टिक कवचावर चंद्रकोरीसारखा पांढरा ओरखडा उमटला. पंखा कवचाला घासत होता. त्याने पंखा बदलला. मग कवच कापून मोठं केलं. आपल्याकडच्या गॅरेजातला पोऱ्याही बॉनेटमध्ये डोकावून म्हणाला असता, “साहेब, फाउंडेशन गेलंय.”

तर पहिली चूक हीच: लक्षणावर पैसे घालणं. फाउंडेशन म्हणजे इंजिनाचा माउंट, इंजिनाला चॅसीवर धरून ठेवणारा रबरी आधार. तो गेलाय का ते पाहायला दोन मिनिटं लागतात. चाकांच्या पुढे-मागे ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, बॉनेट उघडा. एकाने पाय ब्रेकवर घट्ट ठेवून ऑटोमॅटिक गिअर डीमध्ये (पुढे जायच्या जागी) टाकायचा आणि ॲक्सिलरेटर किंचित दाबायचा, दोन-तीन सेकंदच, नाहीतर गिअरबॉक्सचं तेल तापतं. दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं. गाडीसमोर कुणीही उभं राहायचं नाही. इंजिनाची डावी बाजू, म्हणजे अमेरिकेतली ड्रायव्हरची बाजू, थोडी उचलली तर ठीक. इंचभर किंवा जास्त उसळली तर माउंट संपलाय. मग रिव्हर्समध्ये हेच करा, तेव्हा उजवी बाजू उचलते. इंजिन जागचं हललं नाही आणि तरी ‘खट्’ आवाज आला, तर प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे सांधे) आणि गिअरबॉक्सखालचा मागचा माउंट आधी तपासा.

“इंजिनाची ताकद इतकी, म्हणून माउंट तितका”

हे गणित अर्धवट आहे. पिकअपमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स हा एकच जोडलेला ठोकळा. त्यामुळे माउंटवर येणारा पीळ हा इंजिनाचा टॉर्क नसतो, गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा टॉर्क असतो. ३८३ इंजिन ५४० न्यूटन-मीटर देत असेल, तर टर्बो ३५० गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरला (गुणोत्तर २.५२) तो सुमारे १,३६० होतो. ७००आर४ गिअरबॉक्स बसवला (३.०६), तर १,६५०. शिवाय गाडी जागची हलताना टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा भाग) तो जवळपास दुप्पट करतो. दोन माउंटमध्ये ४५ सेंटिमीटर अंतर धरलं, तर टर्बो ३५० असतानाही उभ्या गाडीतून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की डाव्या माउंटला वर खेचणारा जोर ६०० किलोच्या आसपास जातो. त्या कोपऱ्यावर इंजिनाचं वजन जेमतेम शंभर किलो. म्हणजे ज्या रबराचं काम वजन पेलायचं, त्याला आपण चक्क ओढून फाडतोय.

म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न “किती कडक?” नव्हे, “रबर फाटलं तर इंजिन कशाने अडेल?” हा आहे. जुन्या साध्या माउंटमध्ये दोन लोखंडी पट्ट्या आणि मध्ये चिकटवलेलं रबर एवढंच असायचं. चिकटणं सुटलं की इंजिन मोकळं. डावी बाजू उसळली की थ्रॉटलची जोडणी खेचली जाऊन ॲक्सिलरेटर आपोआप आणखी उघडायचा. याच कारणासाठी जनरल मोटर्सने १९७१च्या डिसेंबरात १९६० च्या दशकातल्या सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या आणि इंजिन फार उचलू नये म्हणून त्यांना तारेचा आवर घातला होता. नंतर आले एकमेकांत अडकणारे माउंट: रबर गेलं तरी लोखंडाचे दोन भाग एकमेकांना धरून ठेवतात. तुमच्या ट्रकला जुना प्रकार असेल, तर पॉलियुरेथेनच्या (रबरापेक्षा कडक प्लास्टिकच्या) माउंटआधी हा बदल करा. हौशी लोक डाव्या हेडपासून चॅसीपर्यंत साखळी बांधतात. दिसायला गावठी, पण आवर म्हणून चालते. फक्त तिला थोडी ढील हवी.

कडक म्हणजे मजबूत नव्हे

सरळ लोखंडी ठोकळे बसवायचा मोह सगळ्यांना होतो. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या पट्ट्यावर, ठीक आहे. पण सी-१०ची चॅसी इंग्रजी सी आकाराच्या पट्ट्यांची आहे, खड्ड्यात चाक गेलं की ती पिळते. पुढे-मागे सगळं लोखंडाने जखडलं, तर तो पीळ गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियमच्या कवचात जातो आणि ते तडकतं. पुढे कडक माउंट घालायचेच असतील, तर मागचा रबराचा किंवा पॉलियुरेथेनचा ठेवा. रस्त्यावर चालवायच्या ट्रकला माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही बाजूंना एकसारखे, अडकणारे पॉलियुरेथेन माउंट. एका बाजूला पॉली आणि दुसरीकडे जुनं रबर, हे बिलकूल नको.

पॉलियुरेथेनचंही एक वावडं आहे, उष्णता. हेडर (धूर बाहेर नेणारे जास्त मोकळे पाइप) बसवलेत आणि पाइप माउंटला जवळजवळ टेकतोय, तर मध्ये पत्र्याची आड घाला. रबराचा शत्रू तेल. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत असेल, तर नवं रबरही फुगून लिबलिबीत होईल. आधी गळती, मग माउंट.

ऑर्डर देताना फक्त ‘स्मॉल ब्लॉक शेव्ही’ (३५० आणि ३८३ याच कुळातली) म्हणू नका. ब्लॉकवरचे तीन बोल्ट तेच, पण माउंट बुटके-रुंद आणि उंच-अरुंद अशा दोन जातींचे मिळतात. चॅसीवरच्या ब्रॅकेटशी जात जुळली नाही, तर इंजिनाची उंची बदलते. एलएस (जनरल मोटर्सचं नंतरच्या पिढीचं) इंजिन घातलं असेल, तर ब्लॉकला प्रत्येक बाजूला चार बोल्ट आणि मध्ये जोडपट्टी, तो वेगळाच हिशोब.

बसवताना

जॅक सरळ चेंबरखाली (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याखाली) लावून इंजिन उचलू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. स्मॉल ब्लॉकमध्ये ऑइल पंपाची जाळी चेंबरच्या तळापासून जेमतेम सेंटिमीटरभर वर असते. तळ आत चेपला, तर जाळीचं तोंड दाबलं जातं, आणि ते कळतं ऑइल प्रेशरचा काटा पडल्यावर. इंजिन वरून होइस्टने उचला. तेवढी सोय नसेल, तर रुंद जाड फळीने भार पसरवा आणि माउंट निघण्यापुरतंच वर घ्या. पंखा कवचाला आणि डिस्ट्रिब्यूटर मागच्या पत्र्याला लागतोय का, यावर डोळा ठेवा.

सगळे बोल्ट आधी हातानेच लावा, इंजिनाचं वजन खाली बसू द्या, मग आवळा. एक बाजू आधीच आवळली, तर दुसऱ्या बाजूचं भोक जुळत नाही आणि माणसं मग पहार घालतात. बॅटरी जोडण्याआधी ब्लॉक ते चॅसी अर्थिंगची पट्टी परत लावली का ते पाहा. ती विसरली, तर स्टार्टरचा करंट वाट शोधत थ्रॉटलच्या केबलमधून जातो आणि केबल जळते.

मित्राच्या ट्रकला आम्ही अडकणारे पॉली माउंट घातले, नवं कवचही. पंखा आता घासत नाही. सिग्नलला थांबलं की मात्र आतला आरसा असा थरथरतो, की मागच्या गाडीचे दिवे दोनाचे चार दिसतात. त्याची काही तक्रार नाही. त्याच्या बायकोची आहे.