घरच्या डेस्कटॉपवर कॅसँड्रा चालवायचा तर तीन नोड चालवा

कॅसँड्रा हा डेटाबेस शिकायचा म्हणून बरेचजण एकच नोड (म्हणजे कॅसँड्राची एक चालती प्रत) टाकतात, दोन टेबलं बनवतात आणि म्हणतात झालं, पण एका नोडवर हा डेटाबेस काय आहे ते कळतच नाही हो, कारण तो बनलाय मुळात डेटा अनेक मशीनवर वाटून ठेवायला. त्यामुळे 8 जीबी रॅम असली तरी तीन नोड उभे करा, जमतं.

विंडोजवाल्यांनी थेट इन्स्टॉल करायच्या नादी लागू नका, 4.0 पासून तो सपोर्टच काढून टाकलाय. डॉकर टाका (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं सॉफ्टवेअर), त्यात कॅसँड्राची 4.1 ची इमेज, म्हणजे तयार पॅकेज, घ्या, जावा वेगळं टाकायची गरज नाही. आधी डॉकरमध्ये एक नेटवर्क बनवा आणि तिन्ही कंटेनर त्याच्यातच ठेवा, नाहीतर ते एकमेकांना नावाने सापडणार नाहीत. डेटाच्या फोल्डरला व्हॉल्यूम (कंटेनरबाहेरची साठवण) द्या, कंटेनर उडवला तरी डेटा राहतो.

आता रॅम, इथेच सगळे अडकतात. कॅसँड्राला सांगितलं नाही तर तो स्वतःच हीप (जावाची कामाची मेमरी) ठरवतो, 8 जीबी दिसत असेल तर 2 जीबी घेतो, असे तीन म्हणजे 6 जीबी गेले, वर हीपच्या बाहेरची मेमरी वेगळीच. मग काय होतं, तिसरा नोड सुरू होता होता कुठलातरी कंटेनर एक्झिट कोड 137 देऊन (मेमरी संपली म्हणून सिस्टमने मारल्याची खूण) गप्प पडतो, लॉगमध्ये धड एरर पण नसते आणि आपण तासभर सेटिंग चाळत बसतो. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेलीय. म्हणून मॅक्स हीप साइज (MAX_HEAP_SIZE) 512 एमबी आणि हीप न्यूसाइज (HEAP_NEWSIZE) 100 एमबी, दोन्ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल जोडीनेच द्या, तिन्ही नोडना.

पहिला नोड सुरू करा, बाकी दोघांना सीड म्हणून (सुरू होताना आधी ज्याला विचारायचं तो नोड) त्याचंच नाव द्या. आणि प्लीज, दोन्ही एकदम सुरू करू नका! नोडटूल स्टेटस ही नोडांची स्थिती दाखवणारी कमांड मारा, नवीन नोडपुढे आधी यूजे (UJ) दिसेल म्हणजे अजून जॉइन होतोय, ते यूएन (UN, म्हणजे नीट चालू) झालं की मगच पुढचा. एक नोड आत येत असताना दुसरा घुसायला गेला तर कॅसँड्रा त्याला सरळ नाही म्हणतो.

तीन यूएन दिसले की सीक्यूएल शेल (क्वेरी लिहायची जागा, cqlsh) उघडा, कीस्पेस (टेबलं ठेवायचा गट) बनवताना रेप्लिकेशन 3, म्हणजे डेटाच्या तीन प्रती, ठेवा, एक टेबल करून चारपाच ओळी टाका. आता कन्सिस्टन्सी, म्हणजे किती नोडनी उत्तर द्यायला हवं ते, कोरम (निम्म्याहून जास्त) करा (शेलमध्ये आधी वन, म्हणजे एकच, असते) आणि तिसरा कंटेनर बंद करा. स्टेटसमध्ये तो डीएन (DN, म्हणजे बंद) दिसेल, तरी सिलेक्ट मारा, डेटा येतो! कारण तिघांपैकी दोघांनी उत्तर दिलं की कोरम भरतो. दुसरा पण बंद करा, आता तीच क्वेरी एरर देते, कन्सिस्टन्सी परत वन केली की चालते. हे स्वतःच्या स्क्रीनवर एकदा बघाच, कितीही वाचलं तरी असं डोक्यात बसत नाही.

मग दुसरा परत चालू करा, दोनचार ओळी अजून टाका आणि शेवटी तिसरा उठवा. तो बंद असताना झालेलं लिखाण बाकीचे नोड हिंट म्हणून जपून ठेवतात आणि तो आला की त्याला देतात, पण फक्त 3 तासांपर्यंतचं. त्याहून जास्त वेळ बंद राहिला तर नोडटूल रिपेअर (नोडांमधला डेटा परत जुळवणारी कमांड) चालवायला लागतं.