सांघिक युद्धखेळात टेहळणी आणि खबरीची रचना कशी करावी

सांघिक युद्धखेळ रचताना पहिला निर्णय असा घ्यावा, की सहकाऱ्याने पाहिलेला शत्रू आपल्याला दिसणार नाही, त्याची केवळ खबर मिळेल. एकाला दिसताच सर्वांच्या पडद्यावर लाल ठिपका उमटत असेल, तर टेहळ्याला सांगण्यासारखे काही उरत नाही.

चाचणीसाठी ओळखीचा भूभाग घ्यावा. ठाणे-नवी मुंबईकरांना पारसिकचा डोंगर आयताच आहे: महापेच्या सखल भागातून शिळफाट्याची बाजू दिसत नाही, धारेवरच्या टेहळ्याला मात्र दोन्ही उतार न्याहाळता येतात. त्याचा संदेश खाली पोहोचेपर्यंत 6 सेकंद गेले आणि शत्रूचे वाहन सेकंदाला 10 मीटर वेगाने जाऊ शकत असेल, तर ते मूळ जागेभोवती 60 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात कुठेही असेल. नकाशावर ठिपक्याऐवजी हे वाढत जाणारे वर्तुळच दाखवावे. त्यासाठी प्रत्येक खबरीसोबत जागा, वेळ, खबर देणारा आणि संभाव्य चूक यांची नोंद ठेवावी लागते.

दोन टेहळ्यांची वर्तुळे एकमेकांत शिरली, तर शत्रू एक की दोन, हे संगणकाने परस्पर ठरवू नये. माझ्या मते खेळाची खरी रंगत तिथेच आहे. 1940 मध्ये ब्रिटिश हवाई दल किनाऱ्यावरील रडार केंद्रांच्या खबरी थेट वैमानिकांना न देता बेंटली प्रायरी येथील छाननी कक्षात आणून जुळवत असे. अशी छाननी करणारी एक भूमिका संघात अवश्य ठेवून पाहावी.

रडारला किंमतही लावावी. लक्ष्यावरून परतणारा प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होत असल्याने, बाकी सारे तेच ठेवून पल्ला दुप्पट करायचा तर 16 पट शक्ती लागते; शत्रूच्या रिसीव्हरकडे मात्र ती लहर एकेरी वाटेने जाते आणि अंतराच्या वर्गानेच क्षीण होते. त्यामुळे रडार लावणाऱ्याचा सुगावा बहुधा आधी शत्रूलाच लागतो. खेळासाठी आकडे खुशाल सौम्य करावेत, हा क्रम मात्र उलटवू नये.

न दिसलेल्या शत्रूची जागा सर्व्हरने खेळाडूच्या संगणकाकडे पाठवूच नये, कारण पडद्यावर लपवलेली माहिती चोरटे सॉफ्टवेअर सहज वाचते. वर्तुळाचा मध्यही शेवटी पाहिलेल्या जागीच ठेवावा. तो खऱ्या जागेसोबत सरकू लागला, तर चतुर खेळाडू वर्तुळाकडे न पाहता थेट मध्यावर नेम धरतील.